कल्पना कुणाच्या बापाची?

मागच्या महिन्यात नागसेनवनाजवळच्या टपरीवर चहा घेत होतो. हातात एक जाड इंग्रजी कादंबरी. आपल्यातलाच एक कार्यकर्ता आला, पुस्तक उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाला, "हे काय वाचायलास? भुताखेताचं?" म्हटलं, भुताखेताचं नाही, भूकंपाचं आहे. नुसत्या मनाच्या जोरावर भूकंप थोपवणाऱ्या माणसांचं. तो हसला. "वस्तीत नळाला पाणी नाही, पोरांच्या शिष्यवृत्त्या अडकल्यात, आणि तुम्ही जादू वाचा. हा पलायनवाद आहे, साहेब." त्यातलं ते 'साहेब' त्यानं असं उच्चारलं की चहा तसाच ठेवावासा वाटला.

तेव्हा उत्तर सुचलं नाही. आता सुचलंय, ते इथं देतो. सोबत काही कादंबऱ्यांची नावंही देतो. ज्याला उत्तर पटणार नाही त्यानं निदान पुस्तकं वाचावीत आणि मग मला शिव्या द्याव्यात.

आधी हे कबूल करतो की पलायनवाद म्हणून हिणवावं असं पुष्कळ आहे. मराठी कादंबरीची सुरुवातच बघा. १८५७ साली 'यमुनापर्यटन'मध्ये बाबा पदमनजींनी विधवांचे हाल लिहिले. आणि चारच वर्षांनी, १८६१ साली, हळबेशास्त्र्यांची 'मुक्तामाला' आली, आणि मग कितीतरी वर्षं राजकन्या, खलपुरुष, भुयारं आणि योगायोग. पोट भरलेल्यांची दुपारची झोप. दलित साहित्यानं त्याच्या तोंडावर दार आपटलं ते बरोबरच केलं. १९६३ साली बाबुराव बागुलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती' आलं, १९७२ साली ढसाळांचा 'गोलपीठा', १९७८ साली दया पवारांचं 'बलुतं'. ही पुस्तकं नसती तर मी हे लिहायला बसलो नसतो. त्यांच्याविरुद्ध माझं काही म्हणणं नाही.

म्हणणं आहे ते त्यानंतर जे झालं त्याविरुद्ध. प्रस्थापितांनी बघितलं की या लोकांचं दुःख खपतं. मग ते म्हणाले, आणा अजून. तुमची झोपडी सांगा, आईची उपासमार सांगा, मेलेलं ढोर कसं सोलता ते सांगा. आम्ही सांगत गेलो. होता होता आत्मकथन हीच आमची नवी गावकी झाली. पूर्वी वेसकरानं वेशीवर राहायचं, आता दलित लेखकानं अनुभवाच्या वेशीवर राहायचं. आत गावात कल्पनेचे वाडे आहेत, तिकडं फिरकायचं नाही.

माझ्या बाबतीत घडलेलं सांगतो. काही वर्षांपूर्वी मी एक कथा लिहिली. एका सकाळी शहरातल्या सगळ्या माणसांच्या डोक्यातून आडनावं पुसली जातात. शाळेच्या रजिस्टरात, सातबाऱ्यावर, घराच्या पाटीवर, सगळीकडे कोरी जागा. लोक वेडेपिसे होऊन एकमेकांना विचारत सुटतात, गाव कोणतं, मामा कोण, कुलदैवत कोणतं. एका मासिकाकडे पाठवली. परत आली. सोबत चिठ्ठी: कल्पना बरी आहे, पण तुम्ही तुमच्या अनुभवाचं लिहा, वस्तीतलं लिहा, ते तुम्हाला चांगलं जमेल. आडनावाचा अनुभव मला नाही, असं त्या संपादकाला वाटलं! मासिकाचं नाव देत नाही. नाव दिलं की भांडण त्या एकाशी होतं आणि बाकीचे सुटतात.

आडनावावरून आठवलं. मराठीत विज्ञानकथेचं मोठं नाव म्हणजे जयंत नारळीकर. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावानं. आपल्या नावाच्या मोठेपणानं परीक्षक भुलू नयेत म्हणून. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. माणूस प्रामाणिक होता, यात शंका नाही, आणि २०२५ साली ते गेले तेव्हा मलाही वाईट वाटलं. 'यक्षांची देणगी' मी शाळेत असताना रात्रीत संपवलं होतं. पण बघा, ते आडनाव लपवत होते ते जास्त मार्क पडू नयेत म्हणून. बागुलांचा नायक जात लपवतो ती भाड्याची खोली मिळावी म्हणून. आडनाव लपवण्यातही एवढं अंतर. आणि नारळीकरांच्या 'वामन परत न आला'तला वामन हा यंत्रमानव आहे. वामन परत येऊ नये, हे आपल्यालाही मान्यच आहे. (आमच्याकडे वामन एकच. वामनदादा कर्डक.)

आता मूळ मुद्दा. कल्पना ही त्यांची आणि वास्तव आमचं, ही वाटणी कुणी केली? कोणत्या बापानं?

महात्मा फुल्यांची 'गुलामगिरी' काढा. साल १८७३. अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलेलं पुस्तक. जोतीराव त्यात काय करतात? मत्स्य, कच्छ, वराह, नरसिंह, वामन ही अद्भुतकथा उचलतात आणि उलटी करून ठेवतात. अवतार म्हणजे स्वारी करणारे, राक्षस म्हणजे या मातीचे मालक, आणि बळीराजा म्हणजे दगा देऊन गाडलेला आपला राजा. धोंडिबा प्रश्न विचारतो, जोतीराव उत्तरं देतात. आज कुणी इंग्रजीत हे केलं तर त्याला फँटसीचं पुनर्लेखन म्हणून डोक्यावर घेतील. घेतातही! टॉल्किनचं 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' १९५४-५५ सालचं. त्यातले ऑर्क हे जन्मानंच दुष्ट, काळपट, फेंगड्या पायांचे. त्यांना मारताना कुणाला वाईट वाटत नाही. पुराणातला राक्षस जसाच्या तसा. तर १९९९ साली किरिल येस्कॉव्ह नावाच्या रशियन शास्त्रज्ञानं मॉर्डोरच्या, म्हणजे हरलेल्यांच्या बाजूनं तीच गोष्ट लिहिली, 'द लास्ट रिंगबेअरर'. लोक म्हणाले काय डोकं आहे! आमच्या जोतिबानं हे सव्वाशे वर्षं आधी केलं आणि आम्ही अद्भुताला बामणाची इस्टेट समजून बसलो. बलिप्रतिपदेला आपल्या आयाबाया बळीचं राज्य येवो म्हणून ओवाळतात. न आलेलं राज्य डोळ्यांपुढं आणणं, यापेक्षा मोठी भविष्यकथा कोणती?

अजून पुरावा हवा असेल तर एस.टी.त बसा आणि अजिंठ्याला जा. १७ नंबरच्या लेण्यात सिंहल नावाच्या व्यापाऱ्याची गोष्ट रंगवली आहे. गलबत फुटतं, तो राक्षसिणींच्या बेटावर लागतो आणि उडणारा घोडा त्याला वाचवतो. पाचव्या शतकातलं काम. बुद्धाच्या नावानं कोरलेल्या लेण्यात, भिंतभर फँटसी. तिथं त्या राक्षसिणींची बाजू मात्र कुणी रंगवलेली नाही, तेही बघून ठेवा.

तेव्हा माझं म्हणणं असं: ही पुस्तकं वाचायची, पण आपल्या जागेवर उभं राहून वाचायची. गोरा लेखक ज्याच्याकडे बोट दाखवून 'भ्या याला' म्हणतो, त्याच्याकडे जरा निरखून बघायचं.

एच. जी. वेल्सची 'द टाइम मशीन' घ्या. १८९५ सालची, शंभरेक पानांची, एका रात्रीत होते. माणूस यंत्रात बसून आठ लाख वर्षं पुढं जातो. जमिनीवर गोरेगोमटे, नाजूक, फळं खाणारे, काही काम न करणारे लोक: इलॉय. जमिनीखाली अंधारात यंत्रं चालवणारे, डोळे दिपणारे, रात्री वर येऊन इलॉयना खाणारे: मॉरलॉक. आणि जागोजागी विहिरींसारखी गोल भोकं, त्यातून खालच्या यंत्रांची घरघर ऐकू येते. मी ते पान वाचलं आणि थांबलो. दोस्तांनो, त्या भोकांना आपल्या शहरात मॅनहोल म्हणतात. आत कोण उतरतं ते सांगायला पाहिजे का? कायदा १९९३ साली झाला, २०१३ साली पुन्हा झाला, तरी माणसं गटारात गुदमरून मरतातच. वेल्स स्वतः समाजवादी. मॉरलॉक हे मजुरांचेच वंशज, हे तोच सुचवतो. पण त्याचा प्रवासी लोखंडी दांडा उचलतो तो मॉरलॉकच्या डोक्यात घालायला, आणि वाचकानं सुटकेचा श्वास सोडावा अशी अपेक्षा आहे. मला तो सोडता आला नाही. एकदा मॉरलॉकच्या बाजूनं वाचून बघा, मग पलायनवाद म्हणा.

आता ज्या एका पुस्तकासाठी हा सगळा खटाटोप, त्याकडे येतो.

माझा आजा गावात वेसकरकी करायचा. पाटलाच्या वाड्यापुढं वाकून जोहार घालायचा. कॉलेजात असताना, दोन पुस्तकं वाचून माझं डोकं तापलं होतं तेव्हा, मी त्याला विचारलं, "तुम्ही सहन कसं केलं? एकदा तरी हात का नाही उगारला?" आजा काही बोलला नाही. तंबाखू मळत राहिला. मला वाटलं, याच्याकडे उत्तर नाही. त्यानंतर दोन वर्षांनी तो गेला.

त्यानंतर फार वर्षांनी माझ्या हातात ऑक्टेव्हिया बटलर या काळ्या अमेरिकन बाईची 'किंड्रेड' आली. पुस्तक १९७९ सालचं. इकडे १९७८ च्या जुलैत विधिमंडळात नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या, त्याच्या पुढच्याच वर्षीचं. बटलरबाईंनी सांगून ठेवलंय की ही कादंबरी कशातून निघाली. त्यांच्या कॉलेजातला एक काळा तरुण जुन्या पिढीवर चिडलेला होता, या म्हाताऱ्यांनी वाकून वाकून आपली वाट लावली म्हणत होता. म्हणजे मीच की तो!

गोष्ट अशी. डेना ही १९७६ सालच्या कॅलिफोर्नियातली शिकलेली काळी बाई, लेखिका. अचानक भोवळ येते आणि ती दीडशेएक वर्षं मागे, मेरिलँडमधल्या गुलामांच्या मळ्यावर जाऊन पडते. समोर एक गोरं पोर नदीत बुडतंय. ती त्याला वाचवते. पुन्हा पुन्हा तेच होतं. त्या पोराच्या जिवावर बेतलं की ती मागे खेचली जाते, आणि तिच्या स्वतःच्या जिवावर बेतलं की परत येते. कसं, कशामुळं, याचं स्पष्टीकरण नाही. हळूहळू तिला कळतं की हा पोरगा, उद्याचा मालक, तिचाच पूर्वज आहे. एका काळ्या बाईवर जबरदस्ती करून तो जे मूल जन्माला घालणार, त्याच्यापासून तिचं घराणं. म्हणजे हा जगला नाही तर ती नाही. आता करा विद्रोह! शिकलेली, बोलणारी, विसाव्या शतकातली ती बाई त्या मळ्यावर किती लवकर मान खाली घालायला शिकते ते बटलरबाई पानोपानी दाखवतात. एका गुलाम पोराला वाचायला शिकवताना सापडते तेव्हा चाबूक बसतो. मनूचं राज्य फक्त इकडंच होतं असं समजू नका. शेवट मी सांगत नाही. पण तिचा एक हात तिकडेच राहतो, हे लेखिका पहिल्याच ओळीत सांगून टाकते.

ते पुस्तक मिटलं आणि मला आजा नव्यानं दिसला. १९५६ नंतर घरातले देव पोत्यात बांधून नदीत सोडणारा तोच होता. अठ्ठ्याहत्तर साली घर पेटलं तेव्हा आजीला आणि माझ्या बापाला घेऊन रात्रभर पिकात पडून राहणारा तोच. सकाळी त्याच गावात परत जाऊन राखेतून पत्रे काढणारा तोच. मी त्याला हात उगारण्याबद्दल विचारत होतो, आणि त्यानं तोंडातून चकार शब्द न काढता बाप जगवला, म्हणून विचारायला मी होतो. हे मला कोणत्या आत्मकथनानं सांगितलं नाही. आत्मकथनं मी भरपूर वाचलीत. हे सांगायला मला १८१५ सालात ढकलणारी बाई लागली. आता ते उत्तर ऐकायला आजा नाही. तुमचे असतील तर जाऊन बसा त्यांच्यापाशी, आणि माझ्यासारखं विचारू नका.

बटलरबाईंची आई लोकांच्या घरी मोलकरीण होती. मागच्या दारानं आत जायची. हे वेगळं सांगायची गरज नाही, पण सांगतो.

टपरीवरचं पुस्तक होतं एन. के. जेमिसिन यांचं 'द फिफ्थ सीझन', २०१५ सालचं. तीन भाग आहेत, आणि २०१६, २०१७, २०१८ अशी लागोपाठ तीन वर्षं तिन्ही भागांना ह्यूगो पुरस्कार मिळाला. असं आधी कुणाचंच झालं नव्हतं. यातल्या जगात धरणी सतत हादरते. काही माणसं उपजत ते हादरे शांत करू शकतात. त्यांच्यावाचून कुणाचं चालत नाही, आणि त्यांच्याइतका तिरस्कार कुणाचा होत नाही. त्यांना शिवी आहे, 'रोगा'. पोर तसं निघालं तर गाव ठेचून मारतं, नाहीतर सरकार उचलून नेतं, बोटांत अंगठ्या घालून त्यांचे ग्रेड पाडतं आणि कामाला जुंपतं. शिवाय तिथं माणसाच्या नावातच त्याची कामाची जात असते: नाव, मग जात, मग गाव. लेखिका ब्रुकलिनमधली. तिला गावगाडा कुणी सांगितला? कुणी नाही. जिथं माणसाला कामापुरता वापरून वेशीबाहेर ठेवतात तिथं गावगाडा आपोआप उभा राहतो. इंग्रजी जरा अवघड आहे, पहिली पन्नास पानं डोकं दुखेल. सोडू नका.

याच जेमिसिनबाईंची एक छोटी कथा आहे, ती मात्र उर्सुला ले ग्विन यांच्या कथेनंतर वाचायची. ले ग्विनच्या १९७३ सालच्या कथेत ओमेलास नावाचं सुखी शहर आहे. सगळं सुख एका तळघरात कोंडलेल्या, घाणीत बसलेल्या पोरावर उभं. नागरिकांना ते ठाऊक असतं. बहुतेक जण राहतात. काही जण मात्र हे सहन न होऊन शहर सोडून निघून जातात, आणि वाचक त्यांच्यासाठी डोळे पुसतो. मला आपले पुरोगामी मित्र आठवले. संवेदनशील लोक. जात बघून अस्वस्थ होतात आणि निघून जातात, बहुधा पुण्याला. ते पोर तळघरातच! २०१८ साली जेमिसिनबाईंनी उत्तर दिलं; त्यांच्या कथेच्या नावातच निघून जाणारे नाहीत, थांबून लढणारे आहेत. त्या लढ्यात हात स्वच्छ राहत नाहीत, हेही त्या लपवत नाहीत. त्या जागी मला पटलं नाही. वाद घालायला या.

ले ग्विनचीच 'द डिस्पझेस्ड' ही कादंबरी १९७४ सालची. ज्या वर्षी पँथर फुटली तेच साल. मालकी नसलेल्या, सरकार नसलेल्या चंद्रावरची माणसं, आणि दोनशे वर्षांत त्यांच्या क्रांतीवर चढलेला गंज. कुणी हुकूम देत नाही, तरी वेगळं बोलणाऱ्याला गप्प केलं जातं. रिपब्लिकन पक्षाचे गट मोजून थकलेल्या प्रत्येकानं वाचावी. नेत्यांनी आधी.

डुबॉइस यांचं नाव आपल्याकडे निघतं ते बाबासाहेबांच्या पत्रामुळे. १९४६ साली अमेरिकेतले निग्रो संयुक्त राष्ट्रांपुढं अर्ज करणार असं कळल्यावर बाबासाहेबांनी डुबॉइसना लिहिलं, आणि त्यांचं उत्तरही आलं. पण या डुबॉइसनी १९२० साली, म्हणजे ज्या साली 'मूकनायक' निघाला त्याच साली, 'द कॉमेट' ही विज्ञानकथा छापली हे किती जणांना माहीत आहे? धूमकेतूच्या विषारी हवेनं न्यूयॉर्क मरतं. वाचतो एक काळा निरोप्या, बँकेच्या खालच्या तळघरात पाठवला होता म्हणून, आणि एक श्रीमंत गोरी बाई. काही तास रंग उरत नाही. मग तिची माणसं येतात आणि रंग परत येतो. तर असा माणूस, समाजशास्त्रज्ञ, चळवळ उभी करणारा, तो बसून धूमकेतू लिहितो. त्याला कुणी पलायनवादी म्हटलं नाही.

रुकैया सखावत हुसेन यांचं 'सुलतानाज ड्रीम' १९०५ सालचं, बायकांचं राज्य आणि पुरुष पडद्यात. पंधरा मिनिटांचं वाचन आहे. आपल्या शाखेतल्या पुरुषांना सक्तीचं करा. हॅरी पॉटर वाचायचा असेल तर वाचा, पण घरकाम करणारे ते एल्फ गुलामीतच सुखी असतात, आणि त्यांच्या हक्कासाठी बिल्ले वाटणाऱ्या हर्मायनीला सगळे हसतात. लेखिका नेमकी कुणासोबत हसते ते तपासा.

आणि हे सगळं परक्यांचंच आहे असंही नाही. मिमी मंडल ही बंगाली दलित लेखिका. बटलरबाईंना लिहिलेल्या पत्रांचं पुस्तक तिनं सहसंपादित केलं, आणि त्यासाठी २०१८ साली तिला ह्यूगोचं नामांकन मिळालं. चेन्नईच्या ब्लाफ्ट प्रकाशनानं जातिविरोधी विज्ञानकथांचा अख्खा संग्रह काढलाय. मराठीत काय? जनार्दन वाघमाऱ्यांनी निग्रो साहित्य मराठीत समजावून सांगितलं तेव्हा आपली एक पिढी जागी झाली. मग पुढचं काम कोण करणार? 'किंड्रेड' मराठवाड्याच्या बोलीत आणायला कुणाची परवानगी पाहिजे, प्रकाशकाची सोडून?

आपल्या विद्यापीठाला लागून बेगमपुरा आहे. रोज रिक्षावाला ओरडतो, बेगमपुरा, बेगमपुरा. संत रविदासांनीही एका बेगमपुऱ्याची कल्पना केली होती. दुःख नसलेलं, कर नसलेलं, कुणाला कुठं फिरायची बंदी नसलेलं शहर. पाचशे वर्षांपूर्वी, चांभारकाम करता करता. या गावाचं नाव २०२३ साली कागदावर बदललं. आपल्याला विद्यापीठाच्या एका नावासाठी १९७८ पासून १९९४ पर्यंत घरं जाळून घ्यावी लागली. पण नावं बदलूनसुद्धा रविदासांचं गाव अजून कुठल्या नकाशावर आलेलं नाही. ते आधी कुणीतरी डोक्यात वसवायला हवं, गल्ल्यांसकट, नळांसकट. त्या टपरीवरच्या मित्राला मी हेच सांगणार आहे. नळाला पाणी आणायचा मोर्चा काढू तेव्हा मी पुढं असेन, तो मला ओळखतो.

१४ जानेवारीला नामविस्तार दिनी विद्यापीठ गेटवर पुस्तकांचे स्टॉल लागतात. मागच्या वेळी एका स्टॉलवर मी बटलर मागितली. काका म्हणाले, ते कोण? मी सांगितलं. त्यांनी बिलबुकाच्या मागच्या पानावर नाव लिहून घेतलं. यंदा तुम्हीही मागा, चार ठिकाणी मागा. तोवर माझ्याकडे 'किंड्रेड'च्या दोन प्रती आहेत. एक नांदेडला गेलीय, एक घरात आहे. न्यायची त्यानं वहीत नाव लिहून न्यावी, पंधरा दिवसांत परत आणावी. पानं दुमडू नका.